लिव्हर बघण्याआधी जनावर विचारा: व्हेट पॅथॉलॉजीत येणाऱ्यांसाठी थोडं

नीटचा रिझल्ट लागला की आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून हमखास कोणीतरी विचारतं, ताई, महूला व्हेटरनरी मिळतंय, घेऊ का? आणि घेतलेल्यांपैकी काही जण दोन-तीन वर्षांनी परत विचारतात की पॅथॉलॉजी, म्हणजे आजाराने शरीरात काय बिघडलं ते शोधायचं शास्त्र, कशी आहे. मी महूलाच शिकले, एमव्हीएससी, म्हणजे व्हेटरनरीची मास्टर्स, पॅथॉलॉजीत केलं आणि आज माझा दिवस स्लाइड्स आणि पोस्टमॉर्टम यातच जातो, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते. कोर्सचं गणित सोपं आहे, बीव्हीएससी, म्हणजे पहिली पदवी, साडेपाच वर्षं, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप, मग एमव्हीएससी दोन वर्षं. अवघड आहे ते बघायला शिकणं, आणि ते सांगायला लिव्हरसारखा दुसरा अवयव नाही, कारण आतड्यातून जे काही शोषलं जातं ते पोर्टल व्हेन या शिरेने बहुतेक सगळं आधी इथे येतं, म्हणजे विष, जंत, उपासमार, बुरशी, अगदी हृदयाचा त्रास सुद्धा, सगळ्याचा हिशोब लिव्हरवर लागतो.

पण तो हिशोब प्रत्येक जनावराचा वेगळा असतो आणि नवीन मुलं इथेच अडकतात. पुस्तकात लिव्हरचा चॅप्टर एकच असतो, टेबलावर मात्र कधी घोडा असतो कधी मांजर. घोड्याला पित्ताशय नसतंच, ते शोधत बसू नका. वरातीची घोडी पोटदुखीने खात नाहीये आणि डोळे पिवळे दिसतायत म्हणून लगेच लिव्हर खराब म्हणून मोकळं व्हायचं नाही, घोडा उपाशी राहिला की नुसत्या उपासानेच रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळीत दिसणारं पिवळं द्रव्य, वाढतं. पॅरासिटामॉलचं तसंच. कुत्र्यात ती गोळी मुख्यतः लिव्हरवर जाते, लोब्यूलच्या, म्हणजे लिव्हर ज्या छोट्या कप्प्यांचं बनलेलं असतं त्यांच्या, मधल्या भागातल्या पेशी मरतात, तर मांजरात लिव्हरच्या आधी रक्तच बिघडतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, श्वास लागतो, कारण मांजराच्या लिव्हरला ते औषध निकामी करायचं एन्झाइम पुरेसं नसतं. गोळी तीच, जनावर बदललं की आजारच बदलला.

मांजराचंच अजून एक सांगते. सुदामानगरातल्या एक काकू त्यांचं लठ्ठ मांजर घेऊन आल्या होत्या, म्हणाल्या, "अगं, घर बदललं तेव्हापासून रुसलीये, खात नाहीये, पण अंगावर एवढी चरबी आहे, चार दिवस नाही खाल्लं तर काय बिघडतंय?" तर लठ्ठ मांजरातच बिघडतं. खाणं बंद झालं की अंगावरची चरबी भराभर लिव्हरकडे येते, लिव्हरला ती बाहेर काढता येत नाही आणि पेशी चरबीने फुगून बसतात. कान आतून उलटून बघितला तर पिवळा. असं मांजर वाचवायचं म्हणजे कुठल्या भारी औषधापेक्षा नळीने का होईना पोटात नियमित अन्न जाणं महत्त्वाचं. नुकत्याच व्यायलेल्या जास्त दुधाच्या गाईत पण लिव्हरमध्ये चरबी साठते, पण तिथे कारण दुधाला लागणारी ऊर्जा आणि जोडीला किटोसिस, म्हणजे चरबी जाळताना रक्तात किटोन वाढणं. चरबी भरलेल्या लिव्हरचा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला तर तरंगतो, पहिल्यांदा बघताना मजा वाटते.

रक्ताच्या रिपोर्टचं पण असंच. माणसांच्या लॅबची सवय म्हणून सगळे एएलटी हे लिव्हरचं एन्झाइम मागवतात. कुत्र्या-मांजरात ते ठीक, गाय, म्हैस, शेळी, घोडा यांच्या लिव्हरमध्ये ते एन्झाइम फारच कमी, त्यामुळे एएलटी नॉर्मल आलं म्हणून लिव्हर नॉर्मल असं अजिबात नाही. तिथे जीजीटी आणि जीएलडीएच ही एन्झाइम्स बघा, एएसटी बघताना सोबत सीके हे स्नायूंचं एन्झाइम पण बघा कारण एएसटी स्नायूंमधून पण येतं आणि बसून राहिलेल्या गाईत ते वाढलेलं असतंच.

आता पोस्टमॉर्टम. सुरी उचलायच्या आधी एक गोष्ट पक्की करा. गाय-म्हैस अचानक मेलीये, फुगलीये आणि नाकातून, गुदद्वारातून काळपट न गोठलेलं रक्त येतंय, तर ते जनावर उघडायचंच नाही. अँथ्रॅक्स हा जीवघेणा जिवाणूंचा आजार असू शकतो, आणि हवा लागली की त्या जिवाणूंचे स्पोअर्स, म्हणजे टणक बीजं, तयार होऊन जमिनीत वर्षानुवर्षं राहतात. कानाच्या शिरेतून स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, घ्या, पॉलिक्रोम मिथिलीन ब्लूने रंगवा, रिपोर्ट येईपर्यंत कोणी कितीही घाई केली तरी थांबा. इथे मी कोणाचंच ऐकत नाही.

मग दुसरा प्रश्न, जनावर मेलं कधी? आपल्याकडे मे महिन्यात म्हैस आत तापलेलीच राहते, काही तासांत लिव्हर मऊ पडतं, पित्ताशयाच्या बाजूला हिरवट डाग येतो, आतड्याला टेकलेल्या भागाला काळसर रंग चढतो, जास्त उशीर झाला तर आत गॅसचे बुडबुडे. हे सगळं मेल्यानंतरचं, आजार नाही. तसंच गाईच्या लिव्हरवर लिगामेंट चिकटतं तिथे फिकट पट्टा दिसतो किंवा जागोजागी गडद जांभळे खोलगट ठिपके दिसतात, नवीन मुलं उत्साहाने पानभर लिहितात, पण त्याने गाईचं काहीच अडलेलं नसतं. नोंद करा आणि पुढे जा.

खरं बघण्यासारखं म्हणजे फ्लूक, म्हणजे पानासारखे चपटे कृमी, झालेलं लिव्हर. आपल्याकडे फॅसिओला जायजँटिका असतो, तळ्याकाठच्या, पाणथळ जागेतल्या गोगलगाईंमधून येतो, म्हणून तलावाजवळ चरणाऱ्या गुरांमध्ये जास्त. जनावर वाळत जातं, जबड्याखाली पाणी साठतं. गाईचं असं लिव्हर कापताना डावा हात लिव्हरवर सपाट ठेवा, पित्तनलिका जाड दोऱ्यांसारख्या हाताला लागतात, आणि सुरी त्यांच्यावरून गेली की करकर आवाज येतो कारण भिंतीत कॅल्शियम बसलेलं असतं. नळी चिरून दाबली की काळपट दाट पित्त आणि त्यात चपटे कृमी. म्हशीत नळ्या जाड होतात पण एवढं कॅल्शियम सहसा साठत नाही, म्हणजे इथे पण जनावर विचारायला लागतंच.

शहरातल्या गाईंमध्ये मात्र तार. गिळलेली तार जाळीपोटातून, म्हणजे गाईच्या पोटाच्या एका कप्प्यातून, पुढे हृदयाच्या आवरणात शिरते, हृदयाला रक्त नीट घेता येत नाही आणि ते मागे लिव्हरमध्ये तुंबतं. कापलं की आत लाल-पिवळी नक्षी, अगदी किसताना जायफळ दिसतं तशी. लिव्हर बघितलं आणि छाती नाही उघडली तर अर्धंच काम केलंत.

पेंडीचं पण लक्षात ठेवा. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, कारण शेंगदाण्याच्या पेंडीतली बुरशी, तिथूनच अफलाटॉक्सिन, म्हणजे त्या बुरशीचं विष, सापडलं. आणि हे लांबचं नाहीये, 1974 ला इथून पलीकडे गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाड्याच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन माणसांना कावीळ आणि जलोदर झाला, शंभरावर माणसं गेली आणि तेच अन्न खाणारी कुत्री पण मेली. ओली सरकी पेंड "जनावराला चालते" म्हणून गोठ्यात टाकणारे आजही दिसतात, त्यांना हे सांगा, आणि हे विष दुधात उतरतं ते पण सांगा.

सॅम्पलचं थोडक्यात. 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिन, तुकडा एक सेंटिमीटरपेक्षा जाड नको, फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट, आणि तुकडा चांगल्या-खराब भागाच्या सीमेवरून घ्या. बाटली रुंद तोंडाची. बारीक तोंडाच्या बाटलीत कोंबलेला तुकडा आत कडक होतो, मग बाटली फोडल्याशिवाय निघत नाही. ग्लोव्ह्ज कायम घाला, लेप्टो, ब्रुसेला हे जनावरांचे संसर्ग आपल्यालाही होतात, आणि हायडॅटिड सिस्टवालं, म्हणजे फीतकृमीच्या पाण्याच्या गाठी असलेलं, लिव्हर चुकूनही कुत्र्यापुढे टाकू नका, तिथूनच ते परत माणसांकडे येतं.

पुढे वाटा बऱ्याच आहेत, कॉलेजात शिकवणं, एमपीपीएससीतून, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगातून, सरकारी डॉक्टर, औषध कंपन्यांची टॉक्सिकॉलॉजी म्हणजे विषारीपणाच्या चाचण्या, भोपाळची जनावरांच्या आजारांची हाय सिक्युरिटी लॅब, इज्जतनगरची पशुवैद्यक संशोधन संस्था आयव्हीआरआय, जी 1889 साली आपल्या पुण्यात सुरू झाली होती. आणि घर इंदूरात असलं तर महूला रोज अप-डाउन जमतं, पण पॅथॉलॉजीच्या वर्षी तरी हॉस्टेलला राहा, कारण केस कधीही येते आणि उन्हाळ्यात ती सकाळपर्यंत थांबत नाही.