वस्तीचं उत्सर्जन कमी करायचंय? आधी वही, मग गोठा

डेन्मार्कच्या साम्सो बेटाची 1997 मध्ये अक्षय ऊर्जेचं बेट म्हणून निवड झाली. तिथल्या सुमारे चार हजार लोकांपैकी कितीतरी जणांनी पवनचक्क्यांत स्वतःचे पैसे घातले, घरं तापवायला तेलाऐवजी पेंढा जाळला. बेटावर येणारं तेल बोटीनं येतं, त्यामुळे मोजायला सोपं. निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यातल्या वस्तीलाही हे जमतं. वर्षभर घरागणिक लिहा: डिझेलचे लिटर (दर लिटरला सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड), विजेची युनिटं (साधारण 0.7 किलो), सिलिंडर (14.2 किलोच्या एकामागे 42 किलो).

जनावरंही लिहा. खड्ड्यात कुजणाऱ्या ओल्या शेणातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. गोबरगॅस संयंत्रात तोच मिथेन धरून शेगडीत जाळता येतो. म्हणून आमच्या मते सुरुवात गोबरगॅसपासून करावी.

चार-पाच जनावरांच्या घराला 2 घनमीटरचं संयंत्र पुरतं. रोज 50 किलो ताजं शेण, तेवढंच पाणी. काड्या-खडे वेचून हातानं कालवा. गुठळ्या आणि काडीकचरा राहिला की आत वर साय धरते आणि गॅस अडतो. नीट चाललं तर महिन्याला पावणेदोन सिलिंडरांइतका गॅस मिळतो. पहिला गॅस मात्र पेटवू नका. त्यात हवा मिसळलेली असते, भडका उडतो. आसपास आग नाही हे बघून तो उघड्यावर सोडा.

डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी गॅस बराच कमी करते. अशा वेळी जास्त शेण ढकलू नका, आतलं आंबतं आणि गॅस आणखी घटतो. पिंपात उन्हानं तापलेलं पाणी दुपारी कालवा, संयंत्राच्या डोमवर (घुमटावर) पाचटाचा जाड थर द्या.

सगळ्यात जपायचं ते गळतीला. गळकं संयंत्र म्हणजे मिथेन मुद्दाम तयार करून हवेत सोडणं. दर महिन्याला प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की जोड उघडून पुन्हा बसवा. गॅसच्या पाइपला उतार द्या, सखल जागी पाणी काढायचा नळ ठेवा. शेगडीची ज्योत फडफडू लागली तर बहुतेक वेळा तिथंच पाणी साचलेलं असतं.

संयंत्रातून बाहेर येणारी रबडी (कुजलेलं पातळ शेण) ठिबकमधून सोडू नका, ड्रिपर तुंबतात. पाण्यात मिसळून सरीत द्या आणि त्या हिशेबानं युरिया कमी करा. युरियापासून मातीत तयार होणारा नायट्रस ऑक्साइड सुमारे 270 पट तापवतो.

द्राक्षबागेतल्या खरड आणि गोडी छाटणीच्या काड्या बांधावर जाळायची सवय मोडायला हवी. कुट्टी करून वेलीखाली पसरा. रोगट काड्या मात्र बागेपासून दूर, ढीग चांगला तापेल अशा रीतीनं कुजवा.

विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) अडखळत असेल किंवा पाइपला नको ते बेंड असतील, तर वीज वाया जाते, ते आधी बदला. सोलर पॅनेल त्यानंतर: एका किलोवॉटमागे दिवसाला साधारण 4 युनिटं मिळतात, पण मळ्याच्या रस्त्याची धूळ बसू द्यायची नाही. पॅनेल सकाळी गार असतानाच पुसा.