मोठा कॅम्पर घ्यायची वेळ खरंच आली आहे का? कोकणात फिरणाऱ्या कुटुंबांसाठी

मोठ्या कॅम्परचा, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीचा, विषय बहुतेक घरांत मे महिन्यात निघतो. शाळांना सुट्टी, छोट्या गाडीत चौघं, घामाच्या धारा आणि रात्री एकाचा पाय दुसऱ्याच्या तोंडावर. पण मेमधली तक्रार पुष्कळदा जागेची नसते, उकाड्याची असते. डिसेंबरात त्याच गाडीत तेच चौघं निवांत झोपतात. म्हणून गाड्यांचे फोटो बघत बसण्याआधी तक्रारींची वर्गवारी करा.

आधी वही

पुढच्या तीन-चार सहलींत रोज सकाळी दोन ओळी लिहा: कोण कुठे झोपलं, कुणाची झोप मोडली, कशामुळे. एक सहल थंडीतली आणि एक उन्हाळ्यातली असली पाहिजे. नोंदी फक्त उन्हाळ्यात वाईट असतील, तर गाडी बदलू नका, हवा खेळती करा. समोरासमोर उघडणाऱ्या दोन खिडक्या, त्यांना बारीक मच्छरजाळी, छतात १२ व्होल्टचा हवा बाहेर फेकणारा पंखा आणि छताच्या पत्र्याखाली उष्णतारोधक थर. स्वयंपाक गाडीबाहेर करा. आत भात शिजवला की दमटपणा पहाटेपर्यंत हटत नाही.

मोठ्या गाडीत एसी लावू, मग प्रश्न सुटेल, हा हिशेब कागदावर मांडून बघा. एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण एक किलोवॅट घेतो. कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो असं धरलं, तरी रात्रीच्या आठ तासांना चार ते सहा युनिट लागतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट मावतं. म्हणजे अशा चार-पाच बॅटऱ्या, नाहीतर होमस्टेवाल्याचा १६ अँपिअरचा प्लग. प्लग मिळाला तरी अर्थिंग आणि व्होल्टेज मल्टिमीटरने बघूनच एसी जोडा. मेच्या संध्याकाळी वाडीत व्होल्टेज बरंच खाली येतं आणि कॉम्प्रेसर सुरू होण्याऐवजी गुरगुरत तापत राहतो.

सामान मावत नाही, हेही गाडी बदलायचं कारण नव्हे. मोठ्या गाडीत सामान आपोआप वाढतं.

खरी कारणं तीन: झोप, पट्टा, वजन

झोपेसाठी टेप घ्या. मोठ्या माणसाला किमान ६ फूट २ इंच लांब आणि सव्वादोन फूट रुंद जागा लागते. मुलांच्या बाबतीत आजची उंची धरू नका. शाळकरी मूल वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढतं, म्हणून आजच्या उंचीत १५ सेंटिमीटर मोकळी जागा आणि दोन वर्षांची वाढ मिळवा. पाच फुटी आडव्या बाकावर आज १३० सेंटिमीटरचं मूल मजेत झोपतं. दोन वर्षांनी तीच जागा तोकडी पडू लागते.

पट्ट्याच्या बाबतीत तडजोड नको. आरसीवर जितकी आसनं लिहिली आहेत, तितकीच माणसं चालत्या गाडीत बसणार, प्रत्येकाला सीटबेल्ट हवा. पलंग किती आहेत याचा इथे संबंध नाही. मागच्या गादीवर मुलांना लोळवत घाट उतरणं अगदी सर्रास दिसतं. अचानक ब्रेक लागला की ती मुलं थेट ओट्यावर आदळतात. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब खाली १,००० रुपये दंड आहे. आजी-आजोबाही दर सहलीला येणार असतील आणि आसनं चारच असतील, तर निर्णय इथेच झाला.

वजन मात्र कुणी करत नाही. करायचं असं:

१. गाडी सहलीसारखी भरा. पाणी, गॅस, अंथरुणं, सायकली आणि सगळी माणसं आत.
२. वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची चाकं, अशा तीन नोंदी घ्या. चिऱ्याच्या, वाळूच्या ट्रकांसाठी असलेला काटा चालतो.
३. पूर्ण वजन आरसीवरच्या ग्रॉस वजनाशी, म्हणजे भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाशी, ताडून बघा. एक्सलची मर्यादा कंपनीच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत असते. टायरवरचा भार-निर्देशांकही वाचा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो.

पुष्कळ घरगुती कॅम्पर एकूण वजनात बसतात, पण मागच्या एक्सलवर जड भरतात, कारण टाकी, बॅटरी आणि पलंग सगळं मागे. लक्षणं ओळखू येतात: मागचे पाटे सपाट होतात, हेडलाइटचा झोत वर चढतो, कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना ब्रेकचा जळका वास येतो. आधी पाणी कमी करा. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि कोकणात मुक्कामाच्या ठिकाणी विहीर नाहीतर नळ असतोच. शंभर लिटर वागवण्यापेक्षा ४० लिटर पुरे. लेड-ॲसिडची १०० अँपिअर-तासाची बॅटरी २८-३० किलोची असते, लिथियमची १२-१३ किलोची. एवढं करूनही काटा पुढेच राहिला, तर मोठी गाडी घ्यायला सबळ कारण आहे.

शेवटचे दोन किलोमीटर

राष्ट्रीय महामार्ग ६६ वर सात मीटरची गाडी कुणाला अडत नाही. अडते ती महामार्ग सोडून समुद्राकडे वळल्यावर. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं), मधून एकेरी रस्ता, वर विजेच्या लोंबत्या तारा आणि माडाच्या झावळ्या, समोरून एसटी. हर्णैचा बाजार किंवा वेळणेश्वरचा उतार आठवा. फोर्स ट्रॅव्हलर या व्हॅनच्या नावातला ३३५० किंवा ४०२० हा आकडा व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा, मिलिमीटरमधला. ४०२० ची गाडी सुमारे सात मीटर लांब भरते आणि छतावर एसी आला की उंची तीन मीटरच्या आसपास जाते. मारुती इको जेमतेम पावणेचार मीटरची. इकोवाल्याला जिथे गडग्याशेजारी सरकून एसटीला वाट देता येते, तिथे मोठ्या गाडीला पाव किलोमीटर मागे जावं लागतं.

आपल्या नेहमीच्या पाच मुक्कामांची यादी करा आणि प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी मोजा: फाटकाची रुंदी, सर्वात खालच्या तारेची उंची (लांबूनच, अंदाजाने), वळायला मोकळं अंगण, आणि पावसाळ्यानंतर तिथली माती किती घट्ट असते. पाचपैकी दोन ठिकाणं सुटत असतील, तर मोठ्या गाडीने काय मिळवलं याचा पुन्हा विचार करा.

जंगलजेट्टीचंही, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीचंही, बघा. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेशवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या फेऱ्यांनी जाणाऱ्यांनी तर नक्कीच. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त खाली उतरावा लागतो आणि उतार संपून बोट सुरू होते त्या सांध्यावर लांब गाडीची मागची शेपटी घासते. मागच्या चाकांच्या मागे लोंबणारा भाग जितका लांब, तितका धोका जास्त. तिथे बसवलेली पाण्याची टाकी आणि तिचा नळ सगळ्यात आधी तुटतो. मोठी गाडी असेल तर भरतीच्या सुमाराची फेरी गाठा.

घ्यायचीच ठरली तर

आधी तशाच लांबीची गाडी दोन रात्रींसाठी भाड्याने घ्या आणि मुद्दाम अवघड ठिकाणी न्या. वर्षाला १५ रात्रींहून कमी वापर होणार असेल, तर आमच्या मते कायम भाड्यानेच घ्यावी.

कागद बघताना आरसीवरचा वाहनप्रकार वाचा. प्रवासी व्हॅनच्या आरसीवर आत पलंग ठोकलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ (गाडीतले बदल) खाली अडचणीत येते आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते. मोटार कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे कॅम्परसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे. बांधणाऱ्याकडे त्याची मंजुरी मागा. परवान्याची चिंता नको, ७,५०० किलोपर्यंत हलक्या वाहनाचा परवाना चालतो.

जुनी गाडी घेत असाल तर खाली झोपून बघा. खाऱ्या हवेत चार वर्षं उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून पोखरलेली असू शकते. आडव्या पट्ट्या, चाकांच्या कमानी, मागच्या दाराची खालची चौकट स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर तिथे गंज आहे. ताजं काळं अंडरकोटिंग दिसलं तर संशय वाढवा, कमी करू नका. आत प्लायवूडचे कोपरे अंगठ्याने दाबा, बॅटरीच्या अर्थच्या टोकावर हिरवट बुरशी आहे का बघा. गॅसच्या कप्प्याला तळाशी झरोका हवाच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो.

सौदा शक्यतो जुलैत करा. भर पावसात गाडी रात्रभर उघड्यावर उभी करायला सांगा आणि सकाळी छताचे सांधे, पंख्याची चौकट, खिडक्यांच्या खालच्या कडा हाताने चाचपा. तुमची जुनी गाडी मात्र दिवाळीच्या तोंडावर विकायला काढा. तेव्हा गिऱ्हाईक स्वतःहून विचारत येतं.