पेंग्विनच्या वसाहतीत उतरताना: सोलापूरहून अंटार्क्टिकाला निघणाऱ्यांसाठी

नान्नजच्या माळरानावर माळढोकाच्या शोधात फिरलेल्या सोलापूरकराला जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याची अडचण ठाऊक असते. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि माणसाच्या वर्दळीने ती उठली, की ते अंडे ऊन, कुत्री आणि कावळे यांच्या स्वाधीन होते. अंटार्क्टिकातील पेंग्विनची स्थितीही अशीच आहे. तेथे कावळ्याची जागा स्कुआ हा तपकिरी, दणकट समुद्रपक्षी घेतो. वसाहतीच्या कडेला तो टपून बसलेला असतो आणि पेंग्विन घाबरून घरट्यावरून क्षणभर उठला, तरी अंडे किंवा पिल्लू उचलून नेतो. पुढे सांगितलेले बहुतेक नियम या एका गोष्टीतून आलेले आहेत, आणि ती मनात पक्की असली म्हणजे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पर्यटकांची जहाजे साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात, म्हणजे तेथील उन्हाळ्यात जातात. नोव्हेंबरमध्ये बर्फ स्वच्छ असतो आणि पेंग्विन खडे गोळा करून घरटी रचत असतात, शेजाऱ्याच्या घरट्यातले खडे पळवतही असतात. डिसेंबरच्या अखेरीपासून पिल्ले बाहेर येऊ लागतात. फेब्रुवारीत मोठी झालेली पिल्ले घोळक्याने उभी दिसतात आणि प्रौढ पक्षी पिसे बदलू लागतात. पहिल्यांदाच जाणाऱ्याने जानेवारी निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या वेळी पिल्लांना भरवणे जवळजवळ प्रत्येक घरट्यावर पाहायला मिळते.

नोंदणी करताना केबिनच्या दर्जापेक्षा जहाजावरील प्रवाशांच्या संख्येकडे अधिक लक्ष द्यावे. १९९१ साली स्थापन झालेल्या आयएएटीओ या अंटार्क्टिक पर्यटन संस्थांच्या संघटनेच्या नियमांनुसार एका ठिकाणी एका वेळी शंभरांहून अधिक प्रवासी किनाऱ्यावर नसावेत, आणि पाचशेंहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाने कोणालाही किनाऱ्यावर उतरवू नये. मोठ्या जहाजाचे तिकीट स्वस्त पडले, तरी पेंग्विन डेकवरूनच पाहावे लागण्याची शक्यता असते. म्हणून प्रवासी दोनशेंच्या आत आहेत का आणि किनाऱ्यावर उतरणे कार्यक्रमात आहे का, हे प्रवासकंपनीकडून लेखी घ्यावे.

बहुतेक जहाजे अर्जेंटिनातील उशुआया बंदरातून सुटतात. सोलापूरहून मुंबई, तेथून मध्ये विमान बदलून ब्युनोस आयर्स आणि पुढे देशांतर्गत विमानाने उशुआया असा हा लांबचा प्रवास आहे. जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून निदान एक दिवस आधी पोहोचावे. परतताना पुन्हा अर्जेंटिनातच उतरायचे असल्याने व्हिसावर किती वेळा प्रवेशाची मुभा आहे, हे तपासून घ्यावे. त्यानंतर सुमारे ८०० किलोमीटर रुंदीची ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात. समुद्र लागण्यावरचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि मळमळ सुरू होण्यापूर्वीच घ्यावे.

एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार जाणारा पारा सोसणाऱ्या आपल्या माणसांना थंडीची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे, पण त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात तापमान बहुधा शून्याच्या आसपास असते. खरा त्रास वारा आणि ओल यांचा होतो. अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, त्यावर उबदार थर आणि सर्वांत बाहेर पाणी न शिरणारी पँट व जाकीट घालावे. सुती कपडे ओले झाले की वाळत नाहीत, म्हणून ते आत घालू नयेत. रबरी बूट पुष्कळ जहाजांवर मिळतात. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हासाठी गॉगल आणि सनस्क्रीन मात्र अवश्य न्यावे.

सामान भरताना एका गोष्टीकडे आपल्याकडच्या प्रवाशाने विशेष लक्ष द्यायला हवे. माळरानात किंवा शेतात वापरलेल्या मोज्यांत, बुटांच्या शिवणीत आणि बॅगेच्या वेल्क्रोत कुसळे व गवताचे बी अडकून राहते. अंटार्क्टिकात फुले येणाऱ्या मूळ वनस्पती फक्त दोन आहेत, आणि माणसाबरोबर आलेल्या एका परक्या गवताने किंग जॉर्ज बेटावर मूळ धरल्याची नोंद आहे. त्यामुळे शक्य असल्यास नवे मोजे घ्यावेत आणि बाकीचे सामान सुई-चिमट्याने साफ करून मगच बॅगेत भरावे. जहाजावरही व्हॅक्यूम क्लीनरने कपडे आणि बॅगा स्वच्छ करून घेतात. ती तपासणी उपचार म्हणून उरकू नये. खाण्याचे पदार्थ किनाऱ्यावर नेण्यास मनाई असते, तेव्हा शेंगाचटणी आणि कडक भाकरी केबिनमध्येच राहू द्यावी. किनाऱ्यावर स्वच्छतागृह नसते, हेही निघण्यापूर्वी लक्षात असावे.

उतरण्याआधी बूट जंतुनाशकात बुडवतात. मग झोडियॅक या हवा भरलेल्या रबरी होडीतून किनारा गाठायचा असतो. होडीत चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे ठेवावेत, खलाशाचा पंजा न धरता त्याचे मनगट धरावे आणि त्यालाही आपले मनगट धरू द्यावे. ही पकड ओल्या हातमोज्यांतूनही सहसा निसटत नाही.

वसाहतीत पेंग्विनपासून किमान पाच मीटर अंतर राखावे. पाच मीटर ही कमीत कमी मर्यादा आहे. पक्षी मान ताणून पाहू लागला, उभा राहिला किंवा अंड्यावरून हलला, तर आपण त्या अंतरावरही जास्त जवळ आहोत असे समजून हळूहळू मागे सरावे. समुद्र आणि घरटी यांच्यामध्ये ये-जा करून बर्फात त्यांनी खोलगट वाटा पाडलेल्या असतात. त्या वाटांवरून चालू नये, आणि वाट ओलांडायची असेल तर येणारा पक्षी पुढे जाईपर्यंत थांबावे. तो पिल्लासाठी पोटात क्रिल (कोळंबीसारखे लहान समुद्री जीव) किंवा मासे घेऊन चाललेला असतो, आणि आपण आडवे आलो तर तेवढा वेळ पिल्लू उपाशी राहते. मऊ बर्फात आपला पाय खोल रुतला, तर तो खड्डा बुजवावा, कारण त्यात पडलेल्या पेंग्विनला बाहेर येणे अवघड जाते. पिसे बदलणाऱ्या पक्ष्याला त्या काळात पाण्यात उतरता येत नाही. तो साठवलेल्या चरबीवर तग धरून असतो, म्हणून त्याला एक पाऊलही उगाच चालायला लावू नये. खडा, पीस, हाड यांपैकी काहीही उचलू नये.

२०२४ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर बर्ड फ्लूचा घातक विषाणू आढळला. आता किनाऱ्यावर बसणे, गुडघे टेकणे, आडवे होणे किंवा बॅग जमिनीवर ठेवणे चालत नाही. छायाचित्रे उभ्यानेच काढावी लागतात, आणि त्यासाठी झूम लेन्स उपयोगी पडते. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवावी. मात्र पहिली दहा मिनिटे कॅमेरा काढूच नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एका जागी स्थिर उभे राहून एकच घरटे निवडावे आणि जोडीदार परतल्यावर दोघे मान वर करून कसे ओरडतात, पाळी कशी बदलते, स्कुआ कमी उंचीवरून उडत गेला की सगळी वसाहत एकदम कशी चोच वर करते, हे पाहावे.

जहाजावर परतल्यावर बुटांच्या तळव्यांतील खाचांमध्ये अडकलेली गुलाबी विष्ठा ब्रशने पूर्ण काढावी आणि बूट पुन्हा जंतुनाशकात बुडवावेत, कारण संध्याकाळी तेच बूट घालून आपण दुसऱ्या वसाहतीत उतरणार असतो.