जोडीने वजन उतरवताना काटा वेगळा, तेलाची बाटली एक

नवरा-बायकोने मिळून वजन कमी करायचं ठरवलं की पहिली ठिणगी वजनकाट्यावर पडते. जेवण तेच, चालणं तेवढंच, तरी महिन्याभरात त्याचे ३ किलो उतरतात आणि तिचे जेमतेम दीड. यात कुणाचा आळस नसतो. पुरुषाचं शरीर सहसा मोठं, स्नायू जास्त, त्यामुळे बसल्या जागीही त्याच्या कॅलरी जास्त खर्च होतात. तेव्हा किलोंची बरोबरी करूच नका. चुरस हवीच असेल तर चाललेल्या दिवसांची लावा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघांनी वेगळ्या रंगाच्या पेनाने फुली मारायची.

खरी कमाई मात्र स्वयंपाकघरात आहे. १ तारखेला दोघांचं मिळून १ लिटर तेल एका बाटलीत काढा. महिनाभर तेवढंच. १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, म्हणजे फोडणीत एक मोठा चमचा जास्त पडला की सव्वाशेच्या आसपास वाढल्याच. २० तारखेला बाटली तळाला गेलेली दिसली की भज्यांचा विषय आपोआप बंद होतो. (आमच्याकडे श्रावणात ती १५ लाच रिकामी झाली होती. साबुदाणा वडे, दुसरं काय!)

मैत्रिणीबरोबर चालणार असाल तर रात्री "उद्या जमेल का गं?" असं विचारू नका. "६ ला गेटपाशी ये" एवढंच कळवा. आणि परतताना टपरीवर थांबायचं नाही. अर्धा तास चालून जे जळतं, ते अर्ध्या वडापावात परत येतं.