मागच्या ॲक्सलचं सील पुन्हा पुन्हा गळतंय? या चुका टाळा

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा काळा पट्टा दिसला की लगेच हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) उतरवून नवं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, ठोकलं जातं. महिन्याभरात पट्टा परत हजर. कारण सील ज्यामुळे गेलं, ते तसंच राहिलेलं असतं.

आधी गळतंय काय ते बघा. बोटावर घेऊन वास घ्या. दाट, चिकट आणि गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल. पाण्यासारखं पातळ आणि रंग सोडवणारं असेल तर ते ब्रेक ऑइल, म्हणजे ब्रेकचा व्हील सिलिंडर गळतोय. तेल बाहेरून, ॲक्सल शाफ्टच्या फ्लँजमधून (हबला नटांनी जोडलेल्या टोकाच्या चकतीतून) येत असेल तर हब खोलू नका. पॅकिंग बदला, नट आवळा.

दुसरी चूक ब्रीदर विसरण्याची. ॲक्सलच्या हाउसिंगवरचा (बाहेरच्या कवचावरचा) हा छोटा ब्रीदर म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी वाट; तो पुण्याजवळच्या वाघोलीच्या खडी क्रशरवर फिरणाऱ्या गाड्यांत भुकटीने बुजतो. घाट चढताना हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते आणि वाट न मिळाल्याने सीलमधून तेल बाहेर ढकलते. ब्रीदर काढा, डिझेलने धुवा, हवा मारून मोकळा झाल्याची खात्री करा. तेलही जास्त भरू नका: गाडी सपाट जागी उभी करून फिलर प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, बस्स.

हब काढताना पुढच्या चाकांना गुटके लावा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, घोडी (वजन पेलणारा लोखंडी स्टँड) लावाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सीलची लिप, म्हणजे आतली रबरी कड, जिथे फिरते, ती जागा पुसून तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे चर पडली आहे. कितीही भारी सील घाला, गळणारच. लिप ज्या रिंगवर फिरते ती बदलता येत असेल तर बदला, नाहीतर तिथे पातळ स्लीव्ह (धातूची नळी) चढवा. बेअरिंगला जास्त प्ले (ढिलेपणा) असेल तर हब डुलतो आणि नवी लिप एका बाजूने खाल्ली जाते. बेअरिंगचा नट हब फिरवत आवळा, मग थोडा मागे घ्या. डायल गेजवर (काट्याच्या मोजमापकावर) प्ले साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिमी हवा. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

नाना पेठेत सील घ्यायला जाताना जुनं सील सोबत न्या. त्यावर कोरलेले तीन आकडे, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, तंतोतंत जुळले पाहिजेत. बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, लिपला थोडं ग्रीस. हातोडा थेट सीलवर मारू नका. सपाट जाड चकती ठेवून सगळीकडून सारखं ठोका. लिपवर सिलिकॉन तर अजिबात नको.

तेल प्यायलेले ब्रेकचे लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत वापरणं ही जिवावर बेतणारी चूक. दिवे घाट उतरताना ड्रम तापला की आत मुरलेलं तेल वर येतं, ते चाक धरत नाही आणि गाडी एका बाजूला ओढते. दोन्ही बाजूंचे लायनर बदला, ड्रमही तेल राहू न देता साफ करा.

तेल भरून ४०-५० किलोमीटर चालवल्यावर लेव्हल परत बघा. दोन्ही हबना हात लावा: एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंगचा नट फार आवळला गेला असू शकतो.