क्लाउडचे लॉग थेट कोडमधून कसे काढावेत

पिंपळगाव बसवंतच्या कांदा व्यापाऱ्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मी नाशिकहून सांभाळतो. लिलाव चालू असताना काही अडलं, तर कन्सोलवर, म्हणजे क्लाउडच्या वेबपानावर, क्लिक करत बसायला वेळ नसतो. एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउडचे लॉग, म्हणजे प्रोग्रामने करून ठेवलेल्या नोंदी, पायथनच्या बोटो-थ्री लायब्ररीतून ओढावेत.

पण आधी किल्ल्या. अॅक्सेस की, म्हणजे क्लाउडमध्ये शिरायची गुप्त किल्ली, कोडमध्ये लिहू नका; कोडच्या आवृत्त्या साठवणाऱ्या गिटमध्ये तर मुळीच नको. प्रोग्राम ईसी-टूवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या भाड्याच्या सर्व्हरवर, चालत असेल तर त्या सर्व्हरला आयएएम रोल, म्हणजे ठरावीक परवानग्यांचा संच, जोडा. बोटो-थ्री तात्पुरती क्रेडेन्शियल्स (ओळखीच्या किल्ल्या) स्वतः उचलतं आणि मुदत संपण्याआधी बदलतंही. रोलला आपल्या प्रोग्रामच्या नोंदी जिथे साठतात त्या एकाच लॉग ग्रुपवर ‘फिल्टर लॉग इव्हेंट्स’ची, म्हणजे नोंदी गाळून वाचण्याची, परवानगी पुरे. डेटाबेसचा पासवर्ड गरजेच्या वेळी सीक्रेट्स मॅनेजर या एडब्ल्यूएसच्या गुपितं जपणाऱ्या सेवेकडून मागवा आणि लॉगमध्ये कधीही छापू नका. लॉग वाचणारे डोळे अनेक असतात.

मग बोटो-थ्रीत क्लाउडवॉच लॉग्स या लॉग साठवणाऱ्या सेवेशी बोलणारा क्लायंट बनवा, रीजन (डेटा सेंटरचा विभाग) मुंबई. नोंदी ‘फिल्टर लॉग इव्हेंट्स’ने मागवा. सुरुवातीची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत द्यायची, तीही यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे: आपले सकाळचे ९ म्हणजे तिथले पहाटेचे ३:३०. सगळ्यात जपायची जागा पुढे आहे. एका उत्तरात जास्तीत जास्त १०,००० नोंदी किंवा १ एमबी येतं. कधी पान रिकामं येतं, पण सोबत ‘नेक्स्ट टोकन’, म्हणजे पुढचं पान मागायची खूण, असतो. तो असेपर्यंत मागत राहा, नाहीतर नेमकी हवी ती नोंद हुकते. बोटो-थ्रीतला पेजिनेटर, म्हणजे एकेक पान आपोआप मागणारं साधन, हे काम चोख करतो.

लॉग ग्रुपला मुदत घाला. न घातल्यास नोंदी कायम साठतात, बिलही वाढतं. मी ३० दिवस ठेवतो.