बर्फ गेल्यानंतरचे पहिले आठवडे: तळ्यात वॉलाय आणि बास कसे गरवावेत

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात वॉलाय या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाचा हंगाम मे महिन्यात उघडतो. मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) सुट्टीतला जो शनिवार, त्याच्या दोन आठवडे आधीच्या शनिवारी मध्यरात्री बाराला. तारीख सगळ्या राज्याला एकच असली तरी पाणी सगळीकडे सारखं नसतं. मिनिआपोलिसच्या पश्चिमेच्या लेक मिनेटोंकावरचा बर्फ सहसा एप्रिलच्या मध्यापर्यंत गेलेला असतो, तर कॅनडाच्या सीमेवरच्या लेक ऑफ द वुड्समध्ये काही वर्षी मे उजाडला तरी तो तरंगत असतो. त्यामुळे एकाच शनिवारी दक्षिणेकडच्या तळ्यांत वॉलायची वीण आटपून मासे पांगलेले असतात आणि उत्तरेकडे ते अजून काठाच्या गोट्यांवर असतात. शेजाऱ्याला मागच्या वर्षी कुठे मासा लागला यापेक्षा आज पाणी किती गरम आहे, ते आधी बघा.

पायरी 1: पाण्याचं तापमान घ्या

बोटीवरचा फिश फाइंडर पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. काठावरून गरवणार असाल तर दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर पुरतो. तो दोन-तीन फूट खोल सोडा आणि दोन मिनिटांनी वाचा. तिथली सगळी साधनं फॅरनहाइटमध्ये असतात, म्हणून तेच आकडे डोक्यात ठेवलेले बरे.

42 ते 50 अंशांत (साधारण 6 ते 10 सेल्सिअस) वॉलायची वीण चालते. जागा म्हणजे गोटे आणि खडी असलेला उथळ काठ किंवा तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याचं तोंड. वॉलाय घरटं करत नाही. मादी अंडी गोट्यांवर टाकून निघून जाते आणि मग थकून काही दिवस नीट खातही नाही. नर मात्र तिथेच रेंगाळतात, म्हणून सुरुवातीला गळाला लागणारे बहुतेक मासे लहान नर असतात. पाणी 50 ते 60 च्या दरम्यान आलं की माद्यांचीही भूक जागी होते. हाच सगळ्यात चांगला काळ. त्याच सुमारास बासच्या दोन जातींपैकी स्मॉलमाउथ खोल पाण्यातून वर सरकतो आणि 60 च्या आसपास घरटं करायला घेतो. लार्जमाउथ त्याच्यामागून, 60 ते 68 मध्ये.

पायरी 2: तळ्यातलं गरम पाणी शोधा

या दिवसांत एकाच तळ्याच्या दोन टोकांना पाच-सहा अंशांचा फरक सहज असतो, आणि मासे बहुतेक वेळा गरम टोकाला असतात. उत्तरेकडचे उथळ उपसागर आधी तापतात. दक्षिणेकडून तिरपं येणारं ऊन त्यांच्यावर दिवसभर पडतं आणि उत्तरेचा थंड वारा काठावरच्या झाडांमुळे अडतो. तळ काळ्या चिखलाचा असेल तर आणखी लवकर, कारण काळा तळ ऊन शोषतो. बास इथेच शोधा.

वॉलायसाठी मात्र वाऱ्याकडे बघा. दोन-तीन दिवस एकाच दिशेने वारा वाहिला की वरचं गरम पाणी समोरच्या काठाला जाऊन साठतं. लाटांनी तिथलं पाणी जरा गढूळ होतं आणि छोटे मासे त्या काठाला ढकलले जातात. वॉलायच्या डोळ्यांत बुबुळामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो. अंधुक पाण्यात त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं, म्हणून तो तिथे भर दिवसाही उथळ पाण्यात येतो. आरशासारखं शांत पाणी आणि कडक ऊन असलं की तोच मासा खोल उतरतो आणि संध्याकाळपर्यंत हलत नाही. नवख्या माणसाला शांत पाणी आवडतं. वॉलायसाठी निघाला असाल तर लाटा फुटत असलेला काठ धरा, अर्थात बोटीला झेपतील इतक्याच लाटांमध्ये.

थंडीची लाट आली आणि रात्रीत उथळ पाणी चार अंशांनी उतरलं, तर कालची जागा सोडू नका, फक्त तिच्या शेजारच्या पहिल्या उतारावर जा. चार फुटांतले मासे दहा-बारा फुटांवर गेलेले असतात, तळ्याच्या मध्यावर नाही.

पायरी 3: सामान

दोन्ही माशांना मिळून एक रॉड चालतो: साडेसहा ते सात फुटी, मीडियम-लाइट, टोकाला लवचिक आणि खाली ताठ. त्यावर 2500 आकाराचं स्पिनिंग रीळ. रिळावर 10 पौंडी वेणीचा दोर आणि पुढे सहा-सात फूट 8 पौंडी फ्लुरोकार्बन (पाण्यात सहज न दिसणारा दोर) जोडा. एवढा खटाटोप नको असेल तर सरळ 6 ते 8 पौंडी तंगूस भरा. रीळ कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खालपर्यंत भरलेलं हवं. कमी भरलं तर दोर अडखळत सुटतो आणि फेक आखूड पडते. जास्त भरलं तर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो.

गाठ आवळण्याआधी ती तोंडात धरून ओली करा. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने दोर तिथेच भाजतो आणि मोठ्या माशाला नेमका तिथे तुटतो. रिळाचा ब्रेक दोराच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर ठेवा: 8 पौंडी दोराला 2 पौंडांच्या ओढीला रीळ सुटायला हवं.

पायरी 4: वॉलायसाठी जिग आणि जिवंत मिनो

जिग म्हणजे शिशाचं डोकं बसवलेला गळ. दहा फुटांपर्यंत 1/8 औंस आणि त्याहून खोल किंवा वाऱ्यात 1/4 औंस. दोन्ही वजनांत पिवळसर हिरवा, नारिंगी आणि पांढरा असे तीन रंग जवळ ठेवा. त्यावर तीन इंची शायनर मिनो, म्हणजे आमिषाचा छोटा मासा, लावा. हा मासा याच काळात वाळूच्या उथळ काठाला येतो आणि वॉलाय त्याच्यामागे येतो.

मिनो लावण्यात हयगय करू नका. गळाचं टोक त्याच्या तोंडातून आत घालून कल्ल्यातून बाहेर काढा, मासा अर्धा वळवा आणि टोक पाठीच्या मधोमध वरून बाहेर येऊ द्या. गळाचा दांडा माशाच्या अंगाला लागून सरळ बसला पाहिजे. वाकडा बसला तर मिनो पाण्यात गरगर फिरतो, दोराला पीळ पडतो आणि वॉलाय त्याच्याकडे बघतही नाही. नुसत्या ओठांतून टोचलेला मिनो जास्त वेळ जिवंत राहतो, पण जोराच्या फेकीत निसटतो. बोटीखाली सरळ सोडायचा असेल तेव्हा तसा लावा.

आता फेका आणि जिग तळाला जाईपर्यंत दोर ताणून धरा, पण ओढू नका. बरेचसे चावे जिग खाली उतरतानाच येतात. दोर सैल असेल तर ते कळतच नाहीत. तळाला टेकला की रॉडचं टोक सहा इंच उचला, जिग पुन्हा पडू द्या आणि तीन-चार सेकंद थांबा. पन्नास अंशांच्या पाण्यात थांबणं हेच मुख्य काम आहे. उन्हाळ्यासारखे झटके दिले तर थंड अंगाचा मासा त्याच्यामागे येत नाही.

चावा जोराचा नसतो. हलकीशी टिचकी जाणवते, किंवा जिग ओल्या पाचोळ्यात रुतल्यासारखा जड लागतो. रॉडचं टोक माशाकडे झुकवा, सैल दोर गुंडाळा आणि रॉड बाजूला झाडल्यासारखा ओढा. वर उपटू नका. वारंवार चावा येऊन मासा सुटत असेल आणि मिनोची शेपटी कुरतडलेली दिसत असेल, तर मिनो लांब आहे: अडीच इंची घ्या, किंवा चाव्यानंतर एक सेकंद जास्त द्या.

बोट वाऱ्यावर वाहू द्यायची असेल तर ताशी अर्ध्या मैलाच्या आसपास. जिग तळाला लागतच नसेल तर वेग कमी करा, मग वजन वाढवा. उलट क्रमाने केलं तर गळ दगडांत अडकत राहतो.

अंधार पडल्यावर

सूर्यास्तानंतरचे दोन तास काठावरून गरवणाऱ्यांचे असतात. बोट नसली तरी चालते. पुलाखालची अरुंद खाडी, ओढ्याचं तोंड किंवा गोट्यांचा काठ गाठा. चार-पाच इंची लांबट लाकडी किंवा प्लॅस्टिकचा नकली मासा, जो तीन-चार फुटांहून खाली जात नाही, काठाला समांतर फेका. त्याचं थरथरणं रॉडमध्ये जेमतेम जाणवेल इतक्या सावकाश गुंडाळा. डोक्यावरचा दिवा पाण्यावर मारू नका. उथळ पाण्यातला मासा उजेडाने पळतो.

जागा सापडली पण जिग दगडांत अडकतो आहे, तर दोरावर सरकणारं, पाण्यावर तरंगणारं बूच वापरा. दोरावर गाठ, मणी, बूच, 1/8 औंस शिसं आणि त्याखाली दीड फुटावर 6 नंबरचा गळ. चारा तळापासून एक फूट वर राहील अशी गाठ सरकवा. पाणी 50 च्या वर गेलं असेल तर मिनोऐवजी जळू लावा, शोषणाऱ्या रुंद टोकाजवळून टोचून. त्याहून थंड पाण्यात जळू गोळा होऊन बसते आणि फुकट जाते.

पायरी 5: बास, घरट्याआधी

वीण सुरू होण्याआधीचा बास उथळ उपसागराच्या तोंडाशी थांबलेला असतो: पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर, किंवा मागच्या वर्षीचं पाणगवत अजून हिरवं आहे तिथे. तपकिरी, कुजलेलं गवत टाळा.

पाणी 48 ते 55 असताना पाण्यात मधल्यामध्ये तरंगत राहणारा नकली मासा, म्हणजे जर्कबेट, सगळ्यात भरवशाचा. दोन छोटे झटके, मग स्तब्ध. किती वेळ? पाच सेकंदांनी सुरुवात करा, चावा नाही आला तर दहा. मासा थांबलेल्या आमिषालाच धरतो. पाणी 55 च्या वर गेलं की चार-पाच इंची मऊ प्लॅस्टिकचा किडा मधोमध गळ टोचून, शिशाशिवाय, गवताच्या कडेला पडू द्या. स्मॉलमाउथसाठी गोट्यांवर 1/8 औंसाच्या जिगवर तीन इंची ट्यूब (मऊ प्लॅस्टिकचं पोकळ आमिष) लावून ओढा. मिल लॅक्ससारख्या मोठ्या खडकाळ तळ्यांचं नाव स्मॉलमाउथसाठी उगाच झालेलं नाही.

दोन बास ओळखायचे ते जबड्यावरून. लार्जमाउथचा जबडा डोळ्याच्या मागे जातो आणि अंगावर आडवा काळा पट्टा असतो. स्मॉलमाउथचा जबडा डोळ्याखालीच संपतो, पट्टे उभे असतात.

उथळ पाण्यात तळावर साफ केलेली गोल फिकट जागा दिसली आणि तिच्यावर एक मासा घिरट्या घालत असला, तर तो अंडी राखणारा नर आहे. आमिष दिसलं की तो भुकेने नाही, अंडी वाचवायला त्यावर तुटून पडतो. त्याला बाहेर काढलं की काही मिनिटांत सनफिश नावाचे छोटे मासे अंड्यांवर जमतात. कायद्याने पकडून सोडायची मुभा असली तरी त्या माशाला हात लावू नये, असं आमचं ठाम मत आहे. चुकून लागलाच तर फोटोच्या फंदात न पडता जिथे धरला तिथेच लगेच सोडा.

पायरी 6: मासा हाताळणं, ठेवणं, सोडणं

बास खालच्या जबड्याला अंगठा लावून धरता येतो, दुसरा हात पोटाखाली. वॉलायला तसं कधीही धरू नका. त्याचे दात सुळ्यासारखे असतात आणि कल्ल्यांच्या कडा कापतात. पाठीवरचे काटे मागे दाबून डोक्यामागून धरा, हात आधी ओले करून.

खायला 14 ते 18 इंची वॉलाय उत्तम. वीस इंचांवरच्या बहुतेक माद्या असतात, त्या सोडा. किती मासे, किती लांबीचे आणि बास ठेवता येतो की नाही, हे दर तळ्याला वेगळं असू शकतं. मिल लॅक्सला तर स्वतःचे नियम आहेत आणि ते बदलतात. परवाना काढतानाच त्या वर्षीची नियमपुस्तिका घ्या. सोळा वर्षांपासून पुढे परवाना लागतो.

मासा तिथेच साफ करणार असाल तर प्रत्येक तुकड्यावर एक इंच चौरस खवल्यांसकट कातडं राहू द्या, म्हणजे वाटेत तपासणी झाली तर मासा कोणता ते ओळखता येतं. तुकड्याच्या मधोमध काट्यांची एक रांग असते. बोटाने चाचपून दोन्ही बाजूंनी कापून ती पट्टी काढली की लहान मुलांनाही देता येतो. मांस पांढरं, पातळ आणि कमी तेलाचं असतं, त्यामुळे रवा लावून तव्यावर टाकलं तर प्रत्येक बाजूला तीन मिनिटं पुरतात. पाऱ्याच्या अंशामुळे गर्भवती स्त्रिया आणि मुलांसाठी राज्याचं आरोग्य खातं वॉलाय किती वेळा खावा याची मर्यादा सुचवतं. ती तळ्याप्रमाणे बघून घ्या.

पाण्यात उतरण्याआधी आणि निघताना

मेमधलं पाणी बर्फासारखंच घातक असतं. पन्नास अंशांच्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांत हात काम करेनासे होतात, पोहता येत असलं तरी. लाइफ जॅकेट बाकाखाली नको, अंगात हवं. बोट चालू असताना दहा वर्षांखालच्या मुलांना ते घालणं मिनेसोटात कायद्यानेच बंधनकारक आहे.

निघताना बोटीच्या तळाचं बूच काढा आणि ते काढलेलं ठेवूनच रस्त्याला लागा. मासे ठेवायच्या टाकीतलं पाणी तिथेच सोडून द्या, ट्रेलरला अडकलेलं पाणगवत हाताने काढा. तळ्याला घातक असलेले झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जातात ते या पाण्यातून आणि गवतातूनच. उरलेले मिनो तळ्यात टाकू नका. पुन्हा वापरायचे असतील तर त्यांचं पाणी घरून आणलेल्या पाण्याने बदला, नसतील तर ते कचऱ्याच्या डब्यात टाका.